डिग्री भिंतीवर, पाय कमरेवर

परवा मी क्लिनिकमध्ये एका पेशंटला चक्क पाय लावला... तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

परभणीत माझं छोटंसं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. गेल्या आठवड्यात पेडगावहून अकरावीतली एक मुलगी वडिलांसोबत आली. उजव्या हाताची फास्ट बॉलर, सिलेक्शन ट्रायल सात दिवसांवर आणि कंबर महिनाभर दुखतेय.

एक्स-रे क्लीन होता, म्हणून घरच्यांच्या मते उसण भरलेली. मी तिला डाव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं... ओठ घट्ट दाबले तिने, पण डोळ्यांत पाणी आलंच. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ऑर्थोपेडिक सरांशी बोलून एमआरआय करून घेतला. रिपोर्ट येईपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं.

कमरेच्या शेवटच्या मणक्याला डावीकडे बारीक चीर... स्ट्रेस फ्रॅक्चर. सरांनी किमान तीन महिने बॉलिंग बंद सांगितली, नाहीतर चीर वाढून खेळच सुटेल. वडिलांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ट्रायल झाली की करेल आराम.

मग हळूच म्हणाले, "मॅडम, पायाळू न्हाई का तुमी? तेवढा पाय लावा की पोरीच्या कंबरंला."

हो, मी पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले. अशा माणसाने पाय लावला की उसण जाते म्हणतात, म्हणून लहानपणी गल्लीतली माणसं आमच्या दारात पालथी पडायची. शिकल्यावर मी तो विषयच बंद केला होता, पण लोक विसरले नव्हते.

संतापच आला. पण मी नाही म्हटलं तर हे दुसऱ्या पायाळूकडे जाणार, आणि तो तर लाथच घालणार... चिरलेल्या मणक्यावर!

तेवढ्यात आठवलं, त्या माणसांना आई पथ्य सांगायची आणि लोक ते डोळे झाकून पाळायचे. मी म्हटलं, "लावते. पण माझ्या पायाला पथ्य लय कडक हाय. तीन महिने हातात बॉल न्हाई. मोडलं की गुण गेला."

वडिलांनी बोटांवर महिने मोजले. म्हणाले, "पथ्य म्हनल्यावर पाळावंच लागंल."

मी पाय टेकवला न टेकवला... पोरगी माझ्याकडे बघतही नव्हती. समोर भिंतीवर माझी डिग्री. लाज वाटली, खरं सांगते. आणि वडिलांना पटलं तरी पोरगी ऐकेल का, ही धास्ती वेगळीच.

आज सकाळी ट्रायल होती. दर पाच मिनिटांनी फोन बघत होते.

दुपारी तिचा मेसेज आला. "मॅडम, ग्राउंडवर गेले होते, नुसती बसून राहिले. लय रडले. पायाळूवर माझा विश्वास नाही, एमआरआयवर आहे. पप्पांना सांगू नका."

नाही सांगणार गं. तुझे पप्पा फेसबुकवर नाहीत, याची खात्री करूनच हे लिहितेय... माझी डिग्री वाचवलीस, पोरी.