मामींचा एक नंबर रिपोर्ट

नागपुरात राहून तर्रीशी वैर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांची उभी हयात बॉयलरच्या नळ्या साफ ठेवण्यात गेली. निवृत्तीनंतर साफ करायला नळ्याच उरल्या नाहीत, तेव्हा ते लोकांच्या रक्तवाहिन्यांकडे वळले. पोह्यांच्या ठेल्यावर अनोळखी माणसाच्या प्लेटमधल्या तर्रीच्या लाल तवंगाकडे बोट दाखवून ते विचारत, "काहून गा, नळी चोक करून राहिला का?" भाचीसाठी माझं स्थळ गेलं तेव्हा पत्रिकेआधी त्यांनी ट्रायग्लिसराइड मागितलं होतं. मी काठावर पास झालो. मामींच्या नशिबी मात्र वर्षानुवर्षं उकडलेलं दोडकं. फोडणीचा वास घ्यायला त्या बिचाऱ्या शेजारी जाऊन बसत. पण कोलेस्टेरॉल असं एक नंबर, की मामा तो रिपोर्ट पाहुण्यांना चहाबरोबर दाखवत.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मामींच्या उजव्या हातातला कप निसटला आणि बोलणंच बंद झालं. स्कॅनमध्ये मेंदूच्या नळ्या चोक दिसल्या, तर मामा तो रिपोर्ट घेऊनच मेंदूच्या डॉक्टरांपुढे उभे. "साहेब, तुमची मशीन चुकली. हिच्या नळ्या कोऱ्या आहेत!" डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मोयामोया नावाचा दुर्मीळ आजार. मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जातात आणि भोवती बारीक वाहिन्यांचं धुरासारखं जाळं वाढतं. इथे कोलेस्टेरॉलचा दोष नाही. मामांनी रिपोर्टची घडी घातली. "मंग मी हिले इतके वर्स दोडके काहून चारले?" हसावं की रडावं, मला कळेना.

डोक्याच्या कातडीतली धमनी आत मेंदूतल्या धमनीला जोडायचं ठरलं. "बायपास लाईन," मामा पुटपुटले. "आम्हीबी टाकत होतो. पण आमचा पाइप फुटला त दुसरा मागवता येत होता." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ऑपरेशन नीट पार पडलं, पण मामी नुसत्या बघत राहायच्या. मामा उशाशी बसून अखंड बोलत: भाजीचे भाव, शेजाऱ्यांची भांडणं, कोणाच्या पोटाचा घेर किती वाढला. शेवटी एका दुपारी मामींचे ओठ हलले. "चूप बसा जी."

मामा डोळे पुसत वॉर्डभर सांगत सुटले, "मले चूप बस म्हणाली!"

मामींना अजून शब्द अडतात. परवा खिडकी लावा म्हणायचं होतं, पण 'खिडकी' येईना. मी पटकन सांगायला गेलो, तर मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही थांबलो. मामी खिडकीकडे बघत राहिल्या, आणि मामा त्यांच्याकडे.