एकेचाळीस पानांचा पहारा

काजवालीच्या झाडाला एकेचाळीस पानं होती, आणि गुरुवारी संध्याकाळी चाळीसच भरली.

तिनं पुन्हा मोजली, बाहेरच्या फेरीपासून आत आत. चाळीसच. दुसरं कोणी म्हणालं असतं, गळलं असेल एखादं. पण ह्या बाईनं तीस वर्षं शर्टांना हातानं काजं केलेली. एका शर्टाला सात, डझनाला चौऱ्याऐंशी. ती मोजण्यात चुकली असं म्हणायची शिंपीमास्तरांचीही छाती नव्हती. आणि गळलेलं पान खाली तरी पडेल ना? खिडकीची फळी झाली, फरशी झाली, कपाटाखाली झाडू घालून झाला. पान नाही.

झाड ते केवढं! कान तुटलेल्या कपात बसेल एवढं, गुबगुबीत पानांचं. पाणी साचू नये म्हणून नवऱ्यानं कपाच्या बुडाला भोक पाडून दिलेलं. मातीत निम्मी वाळू. पंधरा दिवसांतून एकदा बोट खुपसून बघायचं, आतपर्यंत कोरडं लागलं तरच बुंध्याशी चार चमचे पाणी. पानावर थेंब पडता कामा नये.

“पोरीचेसुद्धा एवढे लाड केले नाहीस,” नवरा म्हणायचा आणि लगेच जीभ चावायचा.

कारण झाड लेकीनंच दिलेलं, आणि लेकीचा विषय घरात काढायचा नव्हता. तिनं दोन वर्षांपूर्वी काजाचं मशिन घेतलं. आईचं एक काज होईतो मशिनचा अख्खा शर्ट व्हायचा. मास्तरांनी निम्मं काम तिकडे वळवलं. “माझ्या मांडीवर बसून सुई धरायला शिकली आणि माझ्याच पोटावर पाय दिला,” एवढं बोलून काजवालीनं तोंड फिरवलं, ते फिरवलंच. झाड मात्र टाकलं नाही. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

पुढच्या गुरुवारी एकोणचाळीस पानं झाली.

आता तिच्या मनात पाल चुकचुकली. गुरुवारी घरी येतं कोण? खालच्या मजल्यावरची चष्मेवाली, वाचून झालेली मासिकं परत द्यायला. आणि खिडकीपाशी रेंगाळून म्हणते काय, तर “किती गोड गं तुझं झाड!” गोड म्हणे! काजवाली दुसऱ्या दिवशी काही काम नसताना खाली गेली आणि तिच्या खिडक्या न्याहाळू लागली.

“काय गं, काय शोधतेस?” चष्मेवालीनं विचारलं.

“सुई पडली माझी.”

“माझ्या खिडकीत? तुझं घर तर वर आहे.”

“वरूनच पडली असेल.”

चष्मेवालीनं चष्मा पुसून तिच्याकडे नीट बघितलं. “डोळे तपासून घे बाई. तुझे हे जातात ना दर गुरुवारी दवाखान्यात, त्यांच्यासोबत जा.”

खिडकीत पान काही सापडलं नाही. पण म्हणून चष्मेवाली सुटली असं नाही. लपवायला घरात कोपरे काय कमी असतात? त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी काजवालीनं मास्तरांकडून आणलेला निळा खडू किसला आणि त्याची पूड पानांच्या खालच्या बाजूला बोटानं चोळून ठेवली. वरून काही दिसत नव्हतं. आता बघू म्हणाली, कोणाची बोटं निळी होतात ते.

चष्मेवाली आली. तिचे हात गोरेपान. ती गेल्यावर पानं मोजली, तर अडतीस! म्हणजे ती यायच्या आधीच हात मारला होता कोणीतरी. कोण? काजवाली दाराशी बसून राहिली, मांडीवरच्या शर्टाला टाकाही न घालता.

दुपारी नवरा परतला. जन्मभर लिफ्ट चालवलेला माणूस, दारात कोणी दिसलं की सवयीनं विचारायचा, तसं त्यानं विचारलं, “वर की खाली?”

काजवाली त्याच्या खिशाकडे बघत होती. खिशाच्या झाकणावर, तिनंच केलेल्या काजाशेजारी, अंगठ्याचा निळा ठसा.

“दवाखान्यात खडू लावतात वाटतं डोळ्याला?”

लिफ्टमनचं तोंड एवढंसं झालं. “अगं... तिचं झाड सडलं. म्हणाली, बाबा, आईच्या झाडाचं एखादं पान आणा, त्यावरून नवीन करते. मग काय करू?”

“मग दर गुरुवारी एक?”

“एकही जगत नाही ना! आज तिसरं दिलं.”

काजवाली उठली. चिडून आपल्यावर ओरडेल असं त्याला वाटलं, पण ती कप उचलून उजेडात घेऊन गेली आणि खालची फेरी निरखू लागली.

“हे असं तोडतात पान? बूड इथंच राहिलंय अर्धं! मूळ फुटतं ते बुडातून. नुसता शेंडा नेऊन काय भाजी करणार ती?”

“मला काय ठाऊक? मी आपला ओढायचो.”

तिनं एक भरलेलं पान चिमटीत धरलं, डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं. बुडासकट अलगद हातात आलं. ते तिनं कापडाच्या तुकड्यावर सावलीत ठेवलं. “जखम सुकू दे. तोवर हात लावायचा नाही.”

“बरं. गुरुवारी नेतो.”

“तुम्ही? तुमच्या हातून धड जायचं नाही ते.” ती थांबली. पुन्हा कपाळाला आठी पडली. “आणि तिचं झाड सडलं कसं? रोज पाणी ओतत असणार. पोरीला धीर म्हणून नाही. तिच्या तोंडी सांगण्यावर माझा विश्वास नाही, माती मी स्वतः बोट घालून बघणार.”

गुरुवारी सकाळी पान रुमालात गुंडाळून, बोटातलं अंगुस्तान काढून ठेवून, काजवाली चपला शोधू लागली. सदतीस पानं मोजून झाली होती. निघताना तिनं दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. चष्मेवालीचा अजून काही भरवसा नव्हता.