मोगऱ्याच्या बुडातला काळा रंग

बायकोनं माहेराहून, रत्नागिरीहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या मोगऱ्याच्या बुडाशी मी घमेलंभर खाडीचा गाळ घातला. सत्तर सालानंतरची गोष्ट. भाईंदरला आम्ही नवे होतो, आणि इतका काळा कुळकुळीत गाळ फुकट मिळतोय हे पाहून मी हरखलो. मातीच्या प्रयोगशाळेतला माणूस मी. काळी माती म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, एवढं तर मला कळत होतं. मीठ जावं म्हणून गाळ दोन पाण्यांनी धुतलासुद्धा. मिठागरांच्या शेजारी राहून दोन पाण्यांत मीठ जाईल असं वाटायला शिक्षणच लागतं.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या.

"अहो, जगेल ना हा?" बायकोनं विचारलं. "आईच्या हातचं झाड आहे."

"बघतो," मी म्हणालो. काय बघणार, ते मलाही ठाऊक नव्हतं.

कामावर जाताना मी दोन पुड्या नेल्या. एकीत तो गाळ, दुसरीत परसातल्या कोपऱ्यातली माती. तिथे बायको भाजीची देठं आणि पालापाचोळा टाकायची. दोन्ही वाळत घातल्या. गाळ वाळत गेला तसा करडा पडत चालला. तिथेच मला शंका यायला हवी होती. चाळलेली माती बाटल्यांत भरली, कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून खूप हलवली आणि ठेवून दिली; मातीत मुरलेला पाचोळा असला तर त्याचा रंग त्या पाण्यात उतरतो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या मातीचं पाणी बिनदुधाच्या कडक चहासारखं झालं होतं. गाळाचं मात्र नकोशा पाहुण्याला दिलेल्या चहासारखं. कडक चहात ॲसिड टाकलं, तर खाली चॉकलेटी साका बसला आणि वर पिवळं पाणी राहिलं. तो साका म्हणजे ह्युमिक आम्ल, मुरलेल्या पाचोळ्याचा अर्कच.

मग गाळाचा काळा रंग आला कुठून? पुडीत उरलेल्या ओल्या गाळावर ॲसिडचे थेंब सोडले. काळेपणा डोळ्यांदेखत उडाला, आणि नासक्या अंड्यांचा असा भपका उठला की पलीकडच्या टेबलावरचा सहकारी ओरडला, "अरे, किसका टिफिन सड गया?"

तो काळेपणा बराचसा लोखंड आणि गंधकाचा होता. असल्या गाळाला वारा लागला की त्यात आम्ल तयार होतं आणि मुळं पोळतात. वर मीठ होतंच.

संध्याकाळी मोगरा उपटून मुळं धुतली आणि कोपऱ्यातल्या मातीत लावला. बायको रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन यायची. एकेक पेर बोटानं चाचपून बघायची. ते मला लागायचं. शेवटी एका पेरावर हिरवा ठिपका दिसला, आणि मला लगेच कंठ फुटला.

"बघ, काळं दिसलं म्हणजे सुपीक असतंच असं नाही. तपासून घ्यावं लागतं."

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. तेव्हा केस दाट आणि काळेभोर होते.

"ते मला लग्नाच्याच महिन्यात कळलं," ती म्हणाली.