कपाळावरचा चष्मा

चौकातल्या वाहतूक पोलीस बाईंनी एका दुचाकीवाल्याला अडवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि शांतपणे विचारलं, "घाई कसली, शहाण्या?" मी स्कूटरवर ताठ झालो. ही लकब माझी होती आणि बाई म्हणजे माझ्या दहावी 'ब'मधली सुनंदा.

दोन शिक्षकांना रडवून तो वर्ग माझ्याकडे आला होता. तिसऱ्याच दिवशी दारातून पाहिलं, तर मैत्रिणीचा चष्मा लावून सुनंदा फळ्यापाशी माझी नक्कल करत होती. मला पाहून सगळे गार. ओरडलो असतो, तर तो वर्ग कायमचा हातचा गेला असता. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि हात वर केला. "सर, फळा दिसत नाही."

तिनं चष्मा कपाळावर ढकलला. "डोळे घरी विसरलास का, शहाण्या?"

वर्ग हसून कोसळला, मीही. त्या दिवसापासून दहावी 'ब' माझी.

प्रमेयं मुलं परीक्षेनंतर विसरतात. लकबी मात्र जपून नेतात.

एवढ्यात चौकात सुनंदानं मलाही थांबवलं. "सर, हेल्मेट कुठंय?"

मी हात वर केला. "मॅडम, फळा दिसत नाही."

चष्मा हळूच कपाळावर गेला. "डोकं घरी विसरलास का, शहाण्या? गाडी बाजूला घे."