चंद्राक्कांच्या पायऱ्या

डांबराची गाडी यायला अवकाश आहे, म्हणून शिवदास बोडके बूट काढून बोळाच्या तोंडाशी उभ्या रोलरच्या सावलीत अंग टेकतो. शहराच्या रस्त्यांवर मुकादमकी करून त्याचे गुडघे कामातून गेलेत. इकडे खड्डा बुजवावा, तर तिकडे गटार तुंबतं. डोळे मिटतात. रोलरचा ड्रायव्हर फोनवर बोलतोय, तो आवाज लांब लांब जातो आणि बोळातून हाक येते.

“मुकादम, चहा घेनार न्हवं?”

चंद्राक्का दारातल्या पायरीवर बसल्यात. त्यांना जाऊन वर्ष झालं, हे शिवदासला ठाऊक आहे. पण चहाला नाही कसं म्हणायचं? तो उठतो.

“ही पायरी कुठली आक्का? ही तर आम्ही कधीच गाडली.”

“सगळ्या हायत की. उतरा.”

पूर्वी या घरात चढून जावं लागायचं. दर डांबरीकरणाला रस्ता वर आला आणि पायऱ्या त्याच्या पोटात गेल्या. आता उंबरा तेवढा उरलाय, आणि पावसात रस्त्याचं पाणी थेट घरात शिरतं. जुना थर खरवडून मग नवा टाकायचा असतो, पण खरवडायचं यंत्र कधी वेळेवर मिळालंय? तो उतरतोच आहे, आणि भिंती पावसाळी गटाराच्या होतात. पावलं थंड पाण्यात बुडतात. त्या पाण्यातच आक्कांची चूल पेटलीय. शेजारी त्यांची सून तान्ही लेक उराशी धरून खाटेवर पाय वर घेऊन बसलीय.

“आज परत हाय त्याच्यावरच टाकनार?”

“साहेबांचा हुकूम आहे आक्का. मी दमलो. कुणाकुणाशी भांडू?”

“दमला असशीला. मी बी दमले हुते, पानी उपसून.” त्या कप पुढे करतात. “आता ही सून उपसंल.”

शिवदासला फार वाईट वाटतं. कप घ्यायला तो हात पुढे करतो.

“मुकादम, गाडी आली.” ड्रायव्हर त्याला हलवतोय. ऊन रखरखतंय, दिवाळीपासून पावसाचा थेंब नाही. शिवदास बूट चढवायला वाकतो आणि थांबतो. त्याचे मोजे घोट्यापर्यंत चिंब आहेत.

तो बोळात बघतो. आक्कांची सून उंबऱ्यावर आतापासूनच विटा रचतेय.

“गाडी परत पाठव. आधी खरवडायचं.”

“माल गार होईल. साहेबांना काय सांगू?”

“माझं नाव सांग.”

ओल्या मोज्यांवरच बूट चढवून शिवदास बोळाच्या तोंडाशी आडवा उभा राहतो.