काठावरची हाक

धरणाच्या तलावावर मी एकटीच हाउसबोट भाड्याने घेऊन राहिले होते. बोटींची देखभाल करणाऱ्या दामूकाकांनी दुपारीच सगळं समजावलं होतं. डेकवर लाइफ जॅकेट घालूनच जायचं, गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा. आणि दिवेलागणीला ते काठावरून एकेका बोटीला हाक मारणार, तेव्हा ओ द्यायची. नाहीतर ते होडी घेऊन बघायला येणार.

अंधारायला लागलं तशी हाक आली. शेजारच्या बोटीतून चारपाच जण हसत ओरडले, "आहोत, सगळे आहोत." मग माझी पाळी.

"ताई, सगळे आत आहेत ना?"

मी एकटी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण विचारायची पद्धत एकच. शहरातल्या घराचं कुलूप मी रोज लावते, रोज उघडते. मी आत आले की नाही, हे विचारणारं तिथे कोणी उरलेलं नाही. पाणी शांत होतं, हाक स्पष्ट ऐकू आली होती. तरी मी गप्प राहिले.

"ताई?"

तीही हाक मी नुसती ऐकून घेतली.

मग काठावर वल्ह्याचा आवाज झाला. काका होडी सोडत होते. तेव्हा मात्र मी घाईघाईने ओरडले, "आहेत, काका. सगळे आहेत."