जाईबाईचं ठिगळ

...तर खुशालराव मुकादमानं जाईबाईच्या हातातला दाभण काढून घेतला, इथवर आलो होतो काल. पण का घेतला, ते राहूनच गेलं.

अकोल्याच्या कापसाच्या जिनात सरकीची फाटकी पोती ठिगळं लावून शिवायचं काम तिचं. बार्शीटाकळीची लेक, तिनं सुतळी ओढली की दाणा म्हणून गळायचा नाही. पण चौसष्टच्या हंगामात चार पोती सारली की तिला धाप लागायची, आणि एक दिवस ती पोत्यांच्या गंजीपाशीच कोसळली. मुकादम घाबरला. म्हणाला, "तू इथं मेली तं पोलीस माया दारात येतीन. घरी बस!"

घरी बसणं हेच तर जाईबाईला ठाऊक नव्हतं. ती तडक अमरावतीच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे, म्हणाला. मुंबईला जाऊन शिवून घ्या.

नवरा देवराव हबकला. "अवं, छाती फाडतीन तुयी!"

"आतून फाटलेलीच हाये ना मंग?"

मुंबईचा सर्जन समजावून सांगू लागला, तर हिनंच त्याला अडवलं. "डाक्टरसायेब, भोकाचे काठ ओढून शिवता, का ठिगळ लावता?"

सर्जन चष्म्यावरून बघतच राहिला. "ते उघडल्यावर कळेल, बाई. लहान असेल तर नुसते टाके."

"मोठं असन तं ओढू नका. ताणलेला टाका पोतं भरल्यावर उसवते."

ऑपरेशनच्या वेळी तिचं रक्त यंत्रानं फिरवलं आणि थांबवलेलं हृदय उघडलं. ती शुद्धीवर आल्यावर सर्जननं बोटांनी रुपयाएवढा गोल करून दाखवला. "ठिगळच लावलं, बाई."

ओठ सुकलेले, आवाज फुटेना, तरी विचारते कशी, "टाके जवळजवळ घातले ना?"

सहा महिन्यांनी ती जिनात उभी. धाप नाही, काही नाही. फाटकापासून गंजीपर्यंत झपाझप चालत आली. मुकादम गड्यांकडे बघून हसला. "काळजाले ठिगळ लावून आली का वं? ठिगळाचा काय भरवसा?"

गडी फिदीफिदी हसले. जाईबाईनं पदर खोचला, छतापर्यंत रचलेल्या गंजीकडे बोट केलं आणि म्हणाली, "मुकादम, मायं ठिगळ उसवलेलं एक पोतं यातून काढून दाखवा, मंग बसतो घरी. तवरोक आणा तो दाभण इकडं!"